शहनाईची पत्ती : निवड आणि पारख

फुंकून वाजविण्याच्या वाद्यांची, म्हणजे सुषिर वाद्यांची, माहिती देताना नळीचे लाकूड, तिची लांबी, भोकांची संख्या यांचे वर्णन सविस्तर केले जाते. परंतु ज्या लहानशा पत्तीमुळे नळीतील हवा प्रथम कंप पावते, तिचा उल्लेख बहुधा एका वाक्यात आटोपतो. वादकाची दृष्टी मात्र याच्या नेमकी उलट असते. एक नळी त्याला अनेक वर्षे पुरते, प्रसंगी ती पुढच्या पिढीच्याही हाती जाते. पत्ती मात्र झिजते, चिरते, मऊ पडते, आणि पुनःपुन्हा नवी निवडावी लागते. ही निवड कशी करावी आणि नव्या पत्तीची पारख कशी घ्यावी, याचा विचार येथे वाराणसीच्या शहनाईच्या संदर्भात केला आहे.

वाराणसीचे नाव या संदर्भात घेणे स्वाभाविक आहे. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांचा जन्म २१ मार्च १९१६ रोजी बिहारमधील डुमराव येथे झाला. लहानपणीच ते वाराणसीला आपल्या मामांकडे आले. मामा अलीबक्ष ‘विलायतू’ हे विश्वनाथ मंदिराशी संबंधित शहनाईवादक होते. पंचगंगा घाटानजीकच्या बालाजी मंदिरात बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षे रियाज केला. दारावरच्या मंगलवाद्याला त्यांनी मैफलीचे स्थान मिळवून दिले. २००१ मध्ये त्यांना ‘भारतरत्न’ हा सन्मान लाभला आणि २१ ऑगस्ट २००६ रोजी वाराणसीतच त्यांचे निधन झाले. ज्या गावी ते जन्मले त्या डुमरावचा शहनाईशी आणखीही एक संबंध आहे. पत्तीसाठी लागणारे नरकट नावाचे पोकळ कांडीचे गवत त्या भागात, विशेषतः सोन नदीच्या काठी मिळते. म्हणजे नदीकाठचे गवत आणि घाटावरचा स्वर यांचे नाते केवळ काव्यातले नाही, ते प्रत्यक्ष व्यवहारातले आहे.

शहनाईची नळी लाकडी असते. ती वरच्या टोकाशी अरुंद असून खाली क्रमाने रुंद होत जाते आणि तिच्या शेवटी धातूचा पसरट पेला बसविलेला असतो. बोटांसाठी सात ते नऊ भोके असतात. सुरांचा मेळ बसविण्यासाठी त्यांपैकी एखादे मेणाने पूर्ण वा अंशतः बंद करतात. वरच्या टोकात एक आखूड धातूची नळी खोचलेली असते आणि तिच्यावर पत्ती दोऱ्याने बांधलेली असते. पत्ती म्हणजे एकमेकींसमोर बसविलेली गवताची पातळ पाती होत. काही पत्त्यांत दोन, तर काहींत वरखाली दुहेरी अशी चार पाती असतात. वादकाने श्वास सोडला की पात्यांमधील चिंचोळी फट अतिशय वेगाने उघडते व मिटते. त्या उघडमिटीमुळे नळीतील हवेचा स्तंभ कंप पावतो आणि नाद निर्माण होतो. मराठी वाचकाला परिचित असलेली सनई आणि सोलापूरच्या जाधव घराण्यामुळे प्रसिद्धी पावलेली आकाराने लहान अशी सुंदरी, यांचेही मूलतत्त्व हेच आहे.

या रचनेत दोऱ्याच्या बांधणीचे काम नेमके कोणते, हे पाश्चात्त्य वाद्यांशी तुलना केल्यास अधिक स्पष्ट होते. बेल्जियन कारागीर अडोल्फ साक्स यांनी १८४६ मध्ये पॅरिस येथे ज्याचे एकाधिकारपत्र मिळविले, त्या सॅक्सोफोनचे अंग पितळेचे असले तरी त्याचा नाद बोरूच्या जातीच्या गवताच्या एका पत्तीतूनच निघतो. ही पत्ती माउथपीसच्या सपाट बाजूवर ठेवून तिच्याभोवती धातूचा, चामड्याचा वा कापडाचा एक पट्टा स्क्रूने आवळतात. त्याला लिगेचर म्हणतात. पत्तीचा जाड भाग घट्ट धरून ठेवायचा आणि पातळ टोक कंपनासाठी मोकळे सोडायचे, एवढेच त्याचे काम असते. क्लॅरिनेटची पत्ती पूर्वी दोऱ्यानेच बांधीत. एकोणिसाव्या शतकात धातूचा पट्टा रूढ झाला, तरी जर्मनीतील काही वादक आजही दोराच पसंत करतात. आपल्या देशात या दोन परंपरा कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) यांच्या ठायी एकत्र आल्या. नादस्वरवादकाच्या घरात जन्मलेल्या या कलावंताने सॅक्सोफोन कर्नाटक संगीतात आणला. पट्टा असो वा दोरा, धरण्याचा आणि मोकळे सोडण्याचा हा समतोल दोन्हीकडे सारखाच राखावा लागतो.

म्हणून नवी पत्ती घेताना प्रथम तिच्या पात्यांकडे आणि लगेच बांधणीकडे पाहावे. पाती उजेडासमोर धरली असता मध्यभागापासून दोन्ही कडांकडे जाडी सारख्या प्रमाणात कमी होत गेलेली दिसली पाहिजे. एक कड जाड व दुसरी पातळ असेल तर पत्ती एका बाजूनेच बोलते व स्वर डळमळतो. गवताचे तंतू सरळ असावेत आणि टोकाशी बारीकशीही चीर नसावी. कच्चे, हिरवट गवत लवकर मऊ पडते, म्हणून नीट सुकलेल्या गवताची पत्ती घेणे श्रेयस्कर. फट समोरून पाहिली असता दोन्ही पात्यांची कमान सारखी असावी. फट फार मोठी असेल तर आवाज मोठा निघतो, पण छातीवर ताण पडतो. ती फार लहान असेल तर हळुवार स्वर सहज निघतो, परंतु जोराने फुंकताच पाती मिटतात आणि आवाज बंद पडतो.

बांधणीत दोऱ्याचे वेढे एकमेकांना लागून व सारख्या ताणाने घेतलेले असावेत. वेढे गरजेपेक्षा वर चढले असतील तर पात्यांचा मोकळा भाग आखूड होतो. स्वर त्यामुळे चढतो आणि आवाज करकरीत होतो. ते फार खाली असतील तर पाती मुळाशीच हलतात. दोरा अतिशय आवळला असेल तर फट चिमटली जाते. सैल असेल तर हवा गळते. गळतीची परीक्षा सोपी आहे. धातूच्या नळीचे खालचे टोक बोटाने बंद करून पत्तीतून हलकेच फुंकावे. हवा कोठून निसटत असेल तर ती लगेच कळते. अशी गळती मेण लावून किंवा दोरा पुन्हा गुंडाळून थांबविता येते. अनेकदा जी पत्ती वाईट म्हणून फेकून दिली जाते, तिच्यात दोष पात्यांचा नसतो, तो बांधणीचा असतो. पात्यांना सुरी लावण्यापूर्वी दोरा तपासावा, हा नियम शिकाऊ वादकाने विशेष लक्षात ठेवावा. सोडलेला दोरा पुन्हा बांधता येतो, पण खरवडलेले पाते पूर्ववत होत नाही.

यानंतर प्रत्यक्ष वादन. कोरडी पत्ती कधीही फुंकू नये. ती काही वेळ ओली करून पाती मऊ होऊ द्यावीत. मग ती शहनाईला न लावता नुसतीच ओठांत धरून फुंकावी. आवाज ताबडतोब व भरीव निघाला तर पुढे जावे. हवेची नुसती फुसफुस आधी आणि आवाज मागाहून, असे होत असेल तर पाती जड आहेत किंवा हवा गळते आहे. नंतर पत्ती शहनाईवर बसवून तानपुऱ्याच्या किंवा साथीच्या ‘सूर’ शहनाईच्या अखंड स्वरात षड्ज मिळवावा. पत्ती आत ढकलली की स्वर चढतो, बाहेर ओढली की उतरतो. केवळ एवढ्याने मेळ बसत नसेल आणि ओठांनी सतत दाबून स्वर वर ठेवावा लागत असेल, तर ती पत्ती त्या नळीसाठी योग्य नव्हे.

षड्ज जुळल्यावर घाईने एखादी बंदिश वाजवू लागणे, ही सर्वांत सामान्य चूक होय. वेगवान तानांत पत्तीचे दोष झाकले जातात. ते दीर्घ, संथ स्वरांत उघडे पडतात. म्हणून एकेक स्वर श्वास संपेपर्यंत धरावा. तो आरंभी अगदी बारीक असावा, मध्ये मोठा करावा आणि पुन्हा बारीक करीत संपवावा. या चढउतारात स्वराची उंची ढळता कामा नये. त्यानंतर मींड घ्यावी. शहनाईला चाव्या नसतात. दोन स्वरांमधील प्रवास बोटांच्या सरकण्याने आणि ओठांच्या दाबाने साधावा लागतो, आणि तेथे पत्तीने प्रत्येक सूक्ष्म बदलाला उत्तर दिले पाहिजे. यमनमध्ये निषादावरून तार षड्जावर जाताना किंवा भैरवीत कोमल स्वरांवर रेंगाळताना पत्ती अडखळली, तर कजरी-चैतीचे मार्दव तिच्यातून उमटणार नाही. सर्वांत शेवटी जिभेने तोडलेले द्रुत स्वर घ्यावेत.

येथे पारखीचा खरा प्रश्न उपस्थित होतो. नवी पत्ती हाती आली की तिचा आवाज पहिल्या क्षणी निराळा वाटतो, आणि निराळे म्हणजे चांगले, असा समज सहज होतो. शिवाय वादक स्वतःचा आवाज केवळ कानांनी ऐकत नाही. ओठांवरचा कंप, दातांतून व कवटीच्या हाडांतून पोचणारा नाद हेही त्याच्या अनुभवात मिसळलेले असतात. म्हणून त्याला जाणवणारा फरक दहा पावलांवरच्या श्रोत्याला ऐकू येईलच असे नाही. सॅक्सोफोनवादकांमध्येही नव्या लिगेचरविषयी असाच अनुभव येतो. बोटांना व ओठांना पुष्कळ फरक जाणवतो, श्रोत्याला मात्र कित्येकदा काहीच वेगळे वाटत नाही. वादकाला येणारी सुकरता खोटी नसते, तिचेही मोल आहे. परंतु सुकरता आणि नादाचा गुण या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

यासाठी तीन पथ्ये उपयोगी पडतात. पहिले, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पत्ती, धातूची नळी आणि दोरा ही सर्व एकदम बदलली तर गुण अथवा दोष कोणाचा हे ठरविता येत नाही. दुसरे, नव्या पत्तीची तुलना आठवणीतल्या आवाजाशी करू नये, हातातल्या जुन्या पत्तीशी करावी. त्याच खोलीत, तेच स्वर, आळीपाळीने वाजवावेत. गुरुबंधूला पाठ करून बसवावे आणि कोणती पत्ती लावली आहे हे न सांगता त्याचे मत विचारावे. तो वारंवार एकाच पत्तीला चांगली म्हणत असेल, तर तो फरक खरा समजावा. तिसरे, एका दिवसाच्या परीक्षेवर विसंबू नये. नवी पत्ती आरंभी थोडाच वेळ वाजवून ठेवून द्यावी व काही दिवसांत क्रमाने वेळ वाढवावा. पहिल्या दिवशी जड वाटलेली पत्ती पुढे मोकळी होते, तर पहिल्याच दिवशी फार सुखद वाटलेली कधी कधी आठवड्यात मलूल पडते.

हवामानाचाही विचार करणे आवश्यक आहे. वाराणसीत मे-जूनमध्ये तापमान चाळीस अंशांच्या पुढे जाते आणि कोरडी लू वाहते. अशा वेळी पाती सुकून कडक होतात व चिरतात. पावसाळ्यात तीच पाती दमट हवेने फुगतात, मऊ पडतात. थंडीतल्या पहाटे नळीतील हवाच गार असल्याने स्वर उतरतो व वाद्य तापेपर्यंत वाट पाहावी लागते. बंद खोलीत गोड वाटणारी पत्ती घाटावरच्या उघड्या जागेत दुबळी ठरू शकते. ज्या ऋतूत व ज्या जागी वाजवायचे, तेथेच शेवटची परीक्षा घ्यावी. शहनाईला दोऱ्याने बांधलेली एखादी जादा पत्ती आणि फट मोकळी करण्याची सुई पुष्कळदा लटकताना दिसते. पाहणाऱ्याला ती शोभा वाटते, पण ती अनुभवातून आलेली तरतूद आहे.

ही तरतूद किती महत्त्वाची आहे हे लग्नसराईत कळते. शहनाई हे मंगलवाद्य आहे. मुहूर्ताची घटका पत्ती मऊ होण्यासाठी थांबत नाही. न पारखलेली पत्ती ऐन वेळी बंद पडली तर वरमाला पडतानाचा तो क्षण मुका जातो, आणि तो परत आणता येत नाही. ज्या शिकाऊ वादकाजवळ एकच चांगली पत्ती उरली आहे, तो ती जपण्यासाठी रियाज कमी करू लागतो. मग पत्ती टिकते, पण हात व श्वास मागे पडतात. उत्तम पत्ती कार्यासाठी राखून ठेवावी, मध्यम पत्तीवर रोजचा रियाज करावा आणि एक नवी पत्ती नेहमी तयार होत असावी, हा क्रम पाळला तर असा प्रसंग येत नाही.

पत्तीची पारख ही अखेर वादकाच्या कानाचीच पारख असते. ज्याने दीर्घ स्वर लक्षपूर्वक ऐकण्याची सवय लावून घेतली आहे, त्याला बरी पत्ती कोणती आणि नुसती नवी कोणती, हा भेद ओळखता येतो. ती सवय झाली की हाती आलेल्या मध्यम गवतातूनही तो दोरा सैल-घट्ट करून कामापुरता सूर काढू शकतो.