सहलीसाठी डोंगर निवडताना : पाचवीच्या वर्गात केलेला एक अभ्यास



दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की शाळाशाळांतून एकच चर्चा सुरू होते, यंदा सहल कुठे न्यायची? आमच्या फैजपूर परिसरातल्या मुलांना शाळेच्या मैदानात उभं राहिलं की उत्तरेला सातपुडा दिसतो. रोज दिसतो म्हणून त्याकडे कोणी बघत नाही, ही गोष्ट वेगळी. पण "मॅडम, डोंगरावर जाऊ ना" हे दरवर्षी कोणीतरी म्हणतंच.

तीन वर्षांपूर्वी मी असंच "चला" म्हटलं होतं. डोंगर कसा निवडला? मोबाईलवर एक सुंदर फोटो पाहून. हिरवागार उतार, खळाळता ओढा. तो फोटो कोणीतरी ऑगस्टमध्ये काढलेला होता आणि आम्ही गेलो फेब्रुवारीच्या शेवटी. ओढा कोरडा. पाण्याच्या बाटल्या तिथे भरून घेऊ असं मी ठरवलं होतं! चढताना चौथीतल्या एका मुलीला चक्कर आली. पायथ्याच्या पाड्यावरच्या एका ताईंनी तिला कडेवर घेऊन खाली आणलं, मीठ-साखरेचं पाणी दिलं. पोरगी सावरली, पण घरी पोचायला रात्रीचे नऊ वाजले. शाळेच्या फाटकाशी पालक उभे होते. तिची आई एवढंच म्हणाली, "जीव टांगणीले लागेल होता मॅडम आमचा." चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून डोंगर निवडणं हाच मी एक पाठ करून टाकला आहे, आणि तो मुलांकडूनच करून घेते.

उंची म्हणजे नक्की कोणती?

सुरुवात एका प्रश्नाने करायची. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकराशे मीटर उंच, बऱ्हाणपूरच्या पुढचा असीरगड सुमारे ७०० मीटर. चढायला अवघड कोणता? सगळा वर्ग एका सुरात "तोरणमाळ!" म्हणतो. मग विचारायचं, तोरणमाळला गाडी कुठपर्यंत जाते? थेट वर, यशवंत तलावापर्यंत. मग चढायचं किती? इथे वर्ग शांत होतो.

असीरगडाचा माथा आजूबाजूच्या सपाटीपासून साधारण २६० मीटर उंच आहे. महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर, पण बारी गावातून निघणारा माणूस १६४६ मीटर चढत नाही, त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त चढतो. आपलं फैजपूर स्वतःच समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या वर आहे हे सांगितलं की मुलांना गंमत वाटते. "म्हणजे मॅडम, आपण आत्ता पण डोंगरावर?" असं एकाने विचारलंच. समुद्राच्या मानाने, हो!

भरिताच्या वांग्यावरच्या समोच्च रेषा

समोच्च रेषा फळ्यावर काढून कधीच कळत नाहीत. बटाटा कापून दाखवतात, तेही चांगलं. पण आपल्याकडे बामणोदची भरिताची वांगी असताना बटाटा कशाला? मोठं वांगं उभं कापा, अर्धा भाग सपाट बाजूने परातीत ठेवा. एक सेंटीमीटर पाणी ओता, पाण्याच्या कडेने पेनाने रेघ मारा. आणखी एक सेंटीमीटर पाणी, पुन्हा रेघ. (वांगं तरंगतं, हे मला पहिल्या वर्षी वर्गातच कळलं. एका मुलाला ते बोटाने दाबून धरायला लावा. या कामासाठी वर्गात भांडणं होतात.) शेवटी पाणी काढून वांग्याकडे बरोबर वरून बघायला सांगा. गोल बुडाकडे रेघा दाटीवाटीने, देठाकडे सुट्या सुट्या. दाट रेघा म्हणजे खडा चढ, विरळ म्हणजे सोपा.

त्यानंतर भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा खरा नकाशा दाखवावा. त्यात २ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये सहसा २० मीटरचा फरक. मुलं बोटाने रेषा मोजत चढ काढतात. तेरा रेषा ओलांडल्या, तेरा विसे दोनशे साठ. पाढे असे कामाला आले की पाठ करा म्हणून मागे लागावं लागत नाही.

अंतर नको, वेळ सांगा

स्वित्झर्लंडमध्ये आल्प्सच्या पायथ्याच्या गावांतून पायवाटांवर पिवळ्या पाट्या असतात. त्यांवर ठिकाणाच्या नावापुढे किलोमीटर नाही, चालायला लागणारा वेळ लिहिलेला असतो. वाटेच्या अवघडपणानुसार खुणांचे रंगही वेगळे. साधी वाट पिवळी, डोंगरी वाट पांढरी-लाल-पांढरी, आणि अगदी कठीण वाट पांढरी-निळी-पांढरी. मला हे फार आवडलं. आपल्याकडे अशा पाट्या नाहीत, तर आपण गणित करू.

१८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक सोपा हिशेब मांडला. आजच्या मापात सांगायचं तर दर किलोमीटरला १२ मिनिटं आणि दर १०० मीटर चढाला आणखी १० मिनिटं. समजा पायवाट २ किलोमीटर आणि चढ २५० मीटर. २४ अधिक २५, म्हणजे ४९ मिनिटं. पण हा हिशेब धडधाकट मोठ्या माणसाचा. आमची मुलं किती वेगाने चालतात? म्हणून एका शनिवारी सावद्याच्या रस्त्याच्या कडेने मोजून एक किलोमीटर चाललो. चौतीस मुलं, रांगेत. १८ मिनिटं लागली. म्हणजे नेस्मिथच्या दीडपट. आता ४९ चे झाले जवळपास ७४ मिनिटं, सव्वा तास. उतरायलाही तेवढेच धरा, लहान मुलं उतारावर जास्त घसरतात.

आणि हो, वेग मोजताना सर्वात मागच्या मुलाची वेळ धरायची. पहिल्या नंबरच्या मुलाची धरली तर सगळं गणित फसतं.

यंदाचे तीन डोंगर

मुलांनी आणि मी मिळून तीन ठिकाणं काढली. अस्तंभ्याचं नाव एकाने सुचवलं होतं, कारण त्याचे काका दिवाळीच्या यात्रेला जातात. १३२५ मीटरचं ते शिखर, लांबची चाल, रात्रीचा प्रवास. पाचवीच्या मुलांसाठी नाही, असं मुलांनीच ठरवलं.

पहिलं ठिकाण पाल. यावल अभयारण्य तिथे लागूनच आहे. १९६९ मध्ये घोषित झालेलं, सुमारे पावणेदोनशे चौरस किलोमीटरचं. जंगल, सुकी नदी, पावरा आणि तडवी वस्त्या, शिकण्यासारखं खूप. पण अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय आणि स्थानिक वाटाड्याशिवाय मुलं न्यायची नाहीत. दुसरं, आडगावजवळची मनुदेवी. देवळामागचा धबधबा पावसाळ्यात पाहावा, मात्र त्याच दिवसांत नाल्याला अचानक पाणी येतं. हिवाळ्यात धोका कमी आणि धबधबाही नावापुरता. तिसरा असीरगड.

मी आतून पालच्या बाजूने होते, खरं सांगायचं तर. मुलांनी तक्ता केला. प्रवासाचा वेळ, चढ, सावली, पायथ्याला पाणी, मोबाईलला रेंज आहे का, आणि मध्येच कोणी थकलं तर परत कुठून फिरता येईल. शेवटचा रकाना मी सांगितलेला नव्हता. तो आमच्या वर्गातल्या एका मुलाने घालायला लावला. त्याचा एक पाय अधू आहे. आतापर्यंत तो एकाही सहलीला आलेला नाही, आणि मीही त्याच्या घरी कधी आग्रह धरला नव्हता हे इथे लिहायला हवं.

त्या रकान्याने निकाल लावला. असीरगडावर पायऱ्यांची वाट आहे आणि गाडीरस्ताही आहे. म्हणजे ज्यांना चढायचं ते चढतील, तो जीपने येईल आणि माथ्यावर सगळे एकत्र. वर बघायलाही खूप आहे. फारुकींचा हा किल्ला जानेवारी १६०१ मध्ये अकबराच्या हाती आला. एकाच डोंगरावर असीरगड, कमरगड, मलयगड असे तीन टप्पे. वर जुनी मशीद आहे, शंकराचं देऊळही आहे. आणि अश्वत्थामा इथे अजून फिरतो, जखमेसाठी तेल मागतो, ही कथा अस्तंभ्याला सांगतात तशीच इथेही सांगतात! अस्तंभावाल्या मुलाचं समाधान झालं.

तयारीचं थोडं

प्रत्येकाकडे दीड लिटर पाणी, घरून भरलेलं. दशम्या, गूळ-शेंगदाणे. केळी आपल्या घरची असली तरी दप्तरात चेंगरतात, वेफर्स आणा. चपला नको, बूट. कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर आवाज आणि धूर नाही, अत्तर तर घरूनच लावायचं नाही. असीरगड मध्य प्रदेशात, म्हणून परवानगीचा अर्ज आम्ही नोव्हेंबरमध्येच दिला. अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे हिशेब शेवटाकडून मांडला. चारच्या आत पायथा सोडायचा, म्हणजे दोनपर्यंत माथा सोडायचा, म्हणजे दहाच्या आत चढायला लागायचं, म्हणजे सकाळी सातला गाडी हलली पाहिजे. ही उलटी वजाबाकी मुलांनी पहिल्या प्रयत्नात चुकवली, दुसऱ्यांदा जमली.

संमतीपत्रं आता येऊ लागली आहेत. तीन वर्षांपूर्वी चक्कर आलेल्या मुलीचा धाकटा भाऊ यंदा माझ्या वर्गात आहे. त्याच्या आईने सही केली आणि खाली पेनाने लिहिलं, "परत किती वाजता?" मी तक्त्याची एक प्रत त्याच्याजवळ दिली आणि सातच्या खाली दोन रेघा मारल्या.