सायकलचे हँडल : बसवणे आणि आवळणे

सायकलची चेन उतरली तर ढकलत घरी जाता येते. ब्रेक लागेना तर पाय घासून का होईना, थांबता येते. पण उतारावर चाक सरळ राहून हँडल एकटेच वळले, तर स्वाराच्या हातात हँडल असते, सायकल नसते. तरीही हे काम आपण 'आवळले की झाले' या खात्यात जमा करून मोकळे होतो.

प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे, तेव्हा वाचकांना शंका येणे रास्त आहे. ही माहिती प्रथम ऐकली ती सुटीत मामांकडे, भोपाळमधील करोंद येथे. बेरसिया रस्त्यावरच्या या भागात मोठी कृषी उपज मंडी आहे, आणि आसपास हँडलला दोन्ही बाजूंनी भरल्या पिशव्या लटकवून जाणारे सायकलस्वार दिसतात. हँडलची खरी परीक्षा तेथे होते. तेथील मिस्त्रीची भाषा हिंदी, पण शब्द ओळखीचेच. पुढचे चाक धरणारा तो चिमटा, आणि हँडल ते हँडल. आपल्या कन्नड विभागातील मित्रही 'ह्यांडल'च म्हणतात, तेव्हा या शब्दावरून सीमावाद होण्याचे कारण नाही.

साध्या काळ्या सायकलचे हँडल ज्या दांड्यावर असते, तो दांडा चिमट्याच्या नळीत उतरवलेला असतो. दांड्याचे खालचे टोक चिरलेले असते व त्यात एक शंकू बसतो. वरचा लांब बोल्ट फिरवला की शंकू वर ओढला जातो, चिरलेले टोक फाकते आणि नळीला आतून घट्ट धरते. काही सायकलींत शंकूऐवजी तिरकी कापलेली पाचर असते. एवढ्यावरच सारा भार. म्हणून दांडा आणि नळी यांचे माप जुळलेच पाहिजे. २२.२ मिलिमीटरच्या जागी २१.१ चा दांडा सहज आत जातो, आणि सहज जातो म्हणूनच फसवतो.

दांड्यावर एक खूण कोरलेली असते. उंचीच्या हौसेपोटी ती बाहेर काढू नये. कारण नळीच्या वरच्या भागाला बाहेरून आटे पाडलेले असतात आणि तेथे पत्रा पातळ असतो. शंकू नेमका तेथे फाकला तर नळीच चिरते. खूण नसेल तर निदान ६५ मिलिमीटर दांडा आत असावा.

हँडल काढताना बोल्ट पूर्ण काढू नये, नाहीतर शंकू आत निसटतो. दोन-तीन फेरे सैल करावा, वर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीचा एक ठोका द्यावा. शंकू सुटतो. जुन्या दांडी-ब्रेकच्या सायकलीत आधी ब्रेकच्या दांड्यांचे नट सैल करावे लागतात, कारण हँडल वर घेतले की ब्रेकही वर ओढला जातो. पुन्हा बसवताना दांड्याला ग्रीसचा पातळ हात द्यावा. 'ग्रीसने घसरणार नाही का?' असे वाटेल, पण फाकलेल्या टोकाचा दाब ग्रीसला पुरून उरतो. ग्रीस नसले तर मात्र पावसाळ्याचे पाणी आपले काम करते आणि दांडा गंजून नळीत रुततो. ग्रीसच्या डबीचा खर्च आणि चिमट्याचा घसारा यांचा ताळेबंद वाणिज्यवाल्यांनी मांडून पाहावा.

नव्या सायकलींत आता बहुधा निराळी रचना असते. १९९० च्या दशकात ती जगभर रुळली. येथे दांडा आत जात नाही; हँडलची मान चिमट्याच्या नळीला बाहेरून कवटाळते. या प्रकारात लोक फसतात ते क्रमात. वरच्या टोपीचा बोल्ट हँडल धरत नाही, तो फक्त छर्ऱ्यांतील ढिलाई घालवतो. म्हणून आधी टोपी बेताने आवळावी, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवावी, खटखट थांबली की मान चाकाच्या रेषेत आणावी, आणि मगच बाजूचे दोन बोल्ट आळीपाळीने आवळावेत. बाजूचे बोल्ट घट्ट असताना टोपी पिळणे म्हणजे तिचे आटे घालवणे.

आडवे हँडल धरणाऱ्या पट्टीचे चार बोल्ट असतील तर कर्णाने, थोडे थोडे आवळावेत. सामान्यतः वरची व खालची फट सारखी राहावी. बोल्टच्या आट्यांना ग्रीस चालते. पट्टी आणि धातूचे हँडल यांच्यामध्ये नको. तेथे कोरडी, स्वच्छ धातूच हवी. कोरलेला आकडा बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. १० सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण ५ किलो वजन टांगल्याइतका हा जोर झाला, त्याहून अधिक नव्हे. पान्यावर नळी चढवून जोर काढणारे 'बलभीम' ॲल्युमिनियमचे हँडल चेपतात, आणि चेपल्या जागीच पुढे तडा जातो. हँडल पट्टीत सैल बसते म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा कापून गुंडाळण्याची युक्ती सर्वत्र चालते. ती माझ्या मते तात्पुरतीही करू नये. बरोबर मापाचे हँडल आणावे. एकाच बोल्टच्या जुन्या पद्धतीच्या मानेत हँडल सरकवताना ओरखडे पडत असतील, तर बोल्ट उलट बाजूने घालून फटीत एक नाणे ठेवावे. बोल्ट नाण्यावर टेकतो व फट किंचित उघडते.

शेवटी पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल दोन्ही हातांनी पिळावे, आणि मुठींवर अंगाचा भार टाकून दाबावे. सरकले तर पुन्हा सुरुवातीपासून पाहावे, नुसते आवळू नये. माप चुकलेले, ग्रीस लागलेले किंवा आटे गेलेले असणार. आठवडाभर चालवल्यावर हीच तपासणी पिशव्या न लटकवता पुन्हा एकदा करावी.