विहिरींतील पांढरे स्फटिक व झिओलाईटची पिशवी

पिंप्राळ्याच्या बाजूस विहीर खोदतांना मुरूम संपून काळा पाषाण लागला म्हणजे सुरुंगानें फुटलेल्या दगडांच्या पोकळ्यांत कधीं कधीं पांढऱ्या, मोतिया झांकीच्या स्फटिकांचे झुबके दृष्टीस पडतात. गडी लोक त्यांस सरसकट गारगोटी म्हणून ढिगावर फेंकतात. पण त्यांतील पुष्कळ खडे झिओलाईट नामक खनिजवर्गाचे असतात. अलीकडे हेंच नांव छापलेल्या पिशव्या 'भूसुधारक' म्हणून विकावयास येऊं लागल्या आहेत. सबब या दगडाची ओळख करून घेणें अवश्य आहे.

सुमारें 6.6 कोटी वर्षांपूर्वीं येथें लाव्हारसाचे थरावर थर पसरले. रस थिजतांना त्यांत वायूच्या पोकळ्या राहिल्या. पुढें ऊन पाणी खडकांतून फिरलें. त्यानें चुना, सोडा, ॲल्युमिना व सिलिका विरघळवून पोकळ्यांत स्फटिकरूपानें पुन्हां बसविलीं. खडकाच्या रूपांतराची ही अगदीं सौम्य पायरी होय.

आपल्याकडील स्टिल्बाईट हा झिओलाईट ओळखण्यास सोपा आहे. ज्वारीची पेंढी मधोमध आवळली असतां तिचीं टोकें जशीं फुलतात, तसा त्याचा आकार असतो. सुरीच्या टोंकानें त्यावर चरा पडतो, गारगोटीवर पडत नाहीं. आणि आम्लाचा थेंब टाकिला तर तो कॅल्साईटप्रमाणें फसफसत नाहीं. चांगले नमुने सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयांत पाहावयास मिळतात. तापविला असतां आंतील पाणी निघून हा दगड उकळल्यासारखा फुगतो, म्हणून क्रोनस्टेड या स्वीडिश शास्त्रज्ञानें 1756 सालीं त्यास 'उकळणारा दगड' या अर्थाचें ग्रीक नांव दिलें.

शेतकऱ्याच्या कामाचा गुण निराळाच आहे. झिओलाईटच्या जाळीदार रचनेंत चुना, सोडा, पालाश हे सैल बसलेले असतात व पाण्यांतील दुसऱ्या क्षारांशीं त्यांची अदलाबदल होते. मातीचाही हाच धर्म आहे. यॉर्कशायरचे जमीनदार थॉम्प्सन यांनीं मातीच्या थरांतून अमोनियम सल्फेटचें पाणी झिरपविलें, तों अमोनिया मातींत राहिला व खालीं जिप्सम उतरलें! वे या रसायनज्ञानें 1850 पासून त्याचा कसून अभ्यास केला.

मग पिशवी घ्यावी काय? रेताड, हलक्या जमिनींत खत धरून ठेवण्यास तिचा उपयोग होऊं शकतो. परंतु आपल्या भारी काळ्या जमिनींतील चिकणमाती हें काम आधींच उत्तम करिते. तेथें या खर्चाची आम्हांस गरज दिसत नाहीं. झिओलाईट हें नत्र वा स्फुरद देणारें खत नव्हे. विहिरीवरचे खडे दळून शेतांत टाकणें तर व्यर्थ श्रम होत. शेतीसाठीं मुख्यतः क्लिनोप्टिलोलाईट हा दुसरा प्रकार वापरतात, व तो ज्वालामुखीच्या राखेच्या थरांत सांपडतो.

एका गोष्टीविषयीं मात्र सावध राहावें. जड पाणी मृदु करण्याच्या यंत्रांत झिओलाईट किंवा तत्सम रेझिन पाण्यांतील चुना घेऊन बदल्यांत सोडा सोडतें. असें पाणी धुण्यास चांगलें, पण पिकास सतत दिल्यास काळ्या मातींतही तीच अदलाबदल होते. कण विस्कटतात, निचरा बंद पडतो व जमीन चोपण होते. घरांत असें यंत्र असल्यास पिकाचें पाणी त्याच्या अलीकडूनच घ्यावें, व यंत्र धुतल्याचें मिठाचें पाणी बांधाकडे सोडूं नये.