केंदो : तलवारीकडून मार्गाकडे

तलवार आणि बुद्धाची शिकवण यांचा मेळ कसा बसावा, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. आम्हालाही तो पडला होता. जपानी भाषेत 'केन' म्हणजे तलवार व 'दो' म्हणजे मार्ग. अष्टांगिक मार्गातील 'मार्ग' या शब्दासाठीही जपानी लोक हेच अक्षर वापरतात.

केंदोच्या सामन्यात खरी तलवार नसते. बांबूच्या चार पट्ट्या चामड्याने बांधून केलेली 'शिनाई' दोन्ही हातांनी धरावयाची. तोंडावर लोखंडी जाळीचा मुखवटा, छातीला कवच, हातात जाड मोजे. लाकडी तलवारींच्या सरावात हाडे मोडत, म्हणून १८ व्या शतकाच्या आरंभी नागानुमा कुनिसातो यांनी या साधनांना आकार दिला. वार फक्त डोके, मनगट, बरगड्या व गळा येथेच करता येतो. त्या क्षणी आरोळी, शिनाई व पाऊल यांचा मेळ बसला पाहिजे. नुसता नेमका फटका पुरत नाही. वारानंतरही मन सावध हवे. याला 'झानशिन' म्हणतात. गुण मिळाल्याच्या आनंदात हात उंचावला, तर दिलेला गुण पंच काढून घेऊ शकतात! क्रिकेटवेड्या आमच्या मुलांना हे प्रथम खरेच वाटेना.

या सावधपणाचे मूळ झेन परंपरेत सापडते. १७ व्या शतकात भिक्खू ताकुआन सोहो यांनी तलवारबाजीचे आचार्य याग्यू मुनेनोरी यांना लिहून कळविले, की मन शत्रूच्या तलवारीवर थांबले तर तेथेच अडकते, आपल्या तलवारीवर थांबले तरी अडकते. ते कोठेही थांबू देऊ नये.

परंतु एक गोष्ट झाकून चालणार नाही. हीच विद्या दुसऱ्या महायुद्धापर्यंत जपानच्या लष्करशाहीने शाळाशाळांतून राबविली. चित्त एकाग्र झाले म्हणजे शील आपोआप येत नाही, हे येथे स्पष्ट दिसते. १९४५ च्या पराभवानंतर शाळांत केंदोवर बंदी आली. १९५२ साली अखिल जपान केंदो महासंघ स्थापन झाला, पुढच्याच वर्षी केंदो शाळांत परतला, आणि १९७५ मध्ये महासंघाने त्याचे ध्येय शब्दबद्ध केले : तलवारीच्या तत्त्वांतून माणसाचे चारित्र्य घडविणे.

आज स्त्रिया, मुले व सत्तरी ओलांडलेले वृद्धही केंदो खेळतात. सराव संपला की सारे वज्रासनात ओळीने बसून क्षणभर डोळे मिटतात आणि ज्याच्या हातचा मार खाल्ला, त्यालाच वाकून नमस्कार करतात.