नो क्लेम बोनस : नवऱ्याचा की बायकोचा?

शेकडेवारी शिकवताना मी घरातलंच उदाहरण घेते. गाडीच्या विम्यावर वर्षभर क्लेम केला नाही, तर पुढच्या वर्षी ‘ओन डॅमेज’ हप्त्यात २० टक्के सूट मिळते. ती २५, ३५, ४५ अशी वाढत पाचव्या वर्षी ५० टक्क्यांवर थांबते. थर्ड पार्टी हप्त्यावर ही सूट नसते.

आता प्रश्न असा : गाडी नवऱ्याच्या नावावर, पण रोज चालवते बायको. मग सूट कोणाची? बरेच जण म्हणतात, गाडीची. चूक! ज्याच्या नावावर पॉलिसी, त्याची सूट. बायकोने स्वतःच्या नावावर पहिली गाडी घेतली, तर तिची सुरुवात शून्यापासून. उलट तिच्या हातून गाडी ठोकली आणि क्लेम केला, तर सूट जाते नवऱ्याची.

हे गणित मुलांना घाला : हप्ता १२,००० रुपये, सूट ५० टक्के. दुरुस्तीचा खर्च ४,००० रुपये. क्लेम करावा का? पुढच्या वर्षी ६,००० रुपये जादा भरावे लागतील. म्हणजे तोटाच!

एक गोष्ट मात्र पालकांनी लक्षात ठेवावी. नवऱ्याचं निधन झालं आणि वारस म्हणून गाडी बायकोच्या नावावर झाली, तर त्याची सूटही तिला मिळू शकते. दुःखात हे राहून जातं. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले, की सूट जाते. म्हणून कागद कुठे आहेत, हे दोघांनाही माहीत हवं.