सोनमाशांची टाकी आणि अल्कधर्मी पाणी

शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा वाचनालयाच्या दालनात ठेवलेली सोनमाशांची टाकी लहानथोरांचे मन रमवते. परंतु टाकीत मासे जगवणे दिसते तितके सोपे नाही. पुष्कळदा असे घडते, की दीर्घ सुटीत टाकीकडे कोणाचे फारसे लक्ष नसते. कोणीतरी येऊन खाद्य तेवढे टाकून जातो. पाणी गढूळ होते, काचेवर शेवाळ चढते. मासे मात्र जिवंत असतात. सुटी संपताच विद्यार्थी मोठ्या उत्साहाने टाकी साफ करावयास घेतात. जुने पाणी जवळजवळ सगळे काढून विहिरीचे नितळ पाणी भरतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मासे उलटे होऊन तरंगताना आढळतात. घाणेरड्या पाण्यात जे तगले ते स्वच्छ पाण्यात का मेले, हा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर पाण्याच्या एका गुणधर्मात आहे. हा गुणधर्म डोळ्यांना दिसत नाही, पण मोजता येतो.

पीएच म्हणजे काय?

लिंबाचा रस आम्ल असतो आणि चुन्याची निवळी अल्कधर्मी असते, हे सर्वांना ठाऊक आहे. आम्लता किंवा अल्कता किती आहे हे अंकाने सांगण्याची रीत डेन्मार्कमधील रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सेन यांनी १९०९ साली कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करीत असताना सुचवली. तिलाच पीएच असे म्हणतात. पाण्यातील हायड्रोजनच्या विद्युद्भारित कणांचे, म्हणजे आयनांचे, प्रमाण त्यावरून कळते. पीएच ७ असेल तर पाणी उदासीन, ७ पेक्षा कमी असेल तर आम्लधर्मी आणि अधिक असेल तर अल्कधर्मी समजतात.

या मोजपट्टीची एक खुबी ध्यानात ठेवली पाहिजे. तिच्यावरील प्रत्येक पायरी दहापटीची आहे. पीएच ७ असलेल्या पाण्यात हायड्रोजनचे जितके आयन असतात, त्यांचा दहावा भागच पीएच ८ असलेल्या पाण्यात असतो. आणि पीएच ९ असेल तर शंभरावा. म्हणून ७.५ आणि ८.५ हे आकडे कागदावर जवळजवळचे दिसले, तरी माशाच्या दृष्टीने त्यांतील अंतर मोठे आहे.

पाणी अल्कधर्मी का होते?

पावसाचे पाणी मुळात किंचित आम्ल असते. हवेतील कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळल्यामुळे त्याचा पीएच साधारणपणे ५.६ च्या आसपास असतो. हे पाणी जमिनीत मुरले, की मातीतील कार्बन डायऑक्साइडही त्यात मिसळतो आणि ते खडकांतील व मातीतील चुना विरघळवू लागते. गंगेच्या खोऱ्यातील गाळाच्या जमिनीत आणि दख्खनच्या काळ्या जमिनीत कंकर, म्हणजे चुनखडीचे खडे, ठिकठिकाणी सापडतात. अशा जमिनीतून झिरपून विहिरीत आलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांची बायकार्बोनेटे पुष्कळ असतात. असे पाणी जड लागते, त्यात साबणाला फेस येत नाही आणि भांड्याच्या तळाशी पांढरा थर धरतो. याउलट सह्याद्रीतील पावसाने भरणाऱ्या जलाशयांचे पाणी बहुधा हलके असते.

ताजे उपसलेले विहिरीचे पाणी मोजले, तर त्याचा पीएच कित्येकदा ७ च्या आसपासच निघतो. जमिनीखालून येताना त्यात कार्बन डायऑक्साइड दाबून भरलेला असतो, हे त्याचे कारण. हे पाणी एक दिवस उघड्या भांड्यात राहिले, की तो वायू निघून जातो आणि पीएच ८ किंवा त्याहूनही वर चढतो. म्हणून नव्या पाण्याची परीक्षा ते चोवीस तास हवेत ठेवून, मधूनमधून ढवळून, मगच करावी.

टाकीतील वस्तूंमुळेही पीएच वाढतो. संगमरवराचे तुकडे, शंख-शिंपले आणि प्रवाळ हे सर्व कॅल्शियम कार्बोनेटचेच प्रकार आहेत. खड्यावर शिरक्याचे दोन थेंब टाकून बुडबुडे आले, तर तो खडा चुनखडीचा आहे असे समजावे. नवीन सिमेंटचा हौद तर फारच धोक्याचा. त्यातून चुना पाण्यात उतरत राहिल्यामुळे पीएच १० च्याही वर जातो. असा हौद काही आठवडे पुनःपुन्हा भरून रिकामा करावा आणि पीएच उतरून स्थिर झाल्यावरच त्यात मासे सोडावेत.

पाणवनस्पतींचाही यात वाटा असतो. उन्हात त्या पाण्यातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात, त्यामुळे दुपारी पीएच चढतो. रात्री श्वसनामुळे तो वायू पुन्हा साठतो आणि पीएच उतरतो. यासाठी रोज एकाच वेळी मोजणी करणे इष्ट आहे.

खरा शत्रू कोणता?

गोल्डफिश या नावाने ओळखला जाणारा सोनमासा कार्प कुळातील आहे. चीनमध्ये सुमारे हजार वर्षांपूर्वीपासून त्याची पैदास होत आली आहे. हा मासा मोठा काटक असून पीएच ६.५ पासून ८.५ पर्यंतचे पाणी, ते स्थिर असेल तर, त्याला मानवते. तेव्हा केवळ ८ किंवा ८.३ हा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. ९ च्या वर मात्र कल्ल्यांना आणि त्वचेला इजा होऊ लागते.

अल्कधर्मी पाण्यातील खरा धोका अमोनियाचा असतो. मासे आपल्या शरीरातील नत्रयुक्त मळ मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतात. उरलेले खाद्य कुजूनही अमोनिया तयार होतो. हा अमोनिया पाण्यात दोन रूपांनी राहतो. एक रूप अमोनियम आयनाचे. ते माशाला त्या मानाने निरुपद्रवी असते. दुसरे रूप मुक्त अमोनियाचे. ते कल्ल्यांतून सहज आत शिरते आणि विषारी ठरते. कोणते रूप किती असावे हे पीएच ठरवतो. २५ अंश सेल्सियस तापमानात अमोनियाच्या एकूण १,००० भागांपैकी मुक्त अमोनिया पीएच ७ ला सुमारे ६ भाग, पीएच ८ ला सुमारे ५४ भाग आणि पीएच ९ ला सुमारे ३६० भाग असतो. उष्णतेनेही हे प्रमाण वाढते. पीएच ८ असताना २० अंशांवर ते सुमारे ३८ भाग, तर ३० अंशांवर सुमारे ७५ भाग होते. त्यामुळे उन्हाळ्यात अधिक जपावे लागते.

आता सुटीनंतरच्या दुर्घटनेचा उलगडा होतो. पाण्यातील उपयुक्त सूक्ष्मजंतू अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या क्रियेत आम्ल उत्पन्न होते आणि ते बायकार्बोनेट खाऊन टाकते. अमोनियातील १ ग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ७ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कता खर्च होते. पाणी बदलले नाही, तर बायकार्बोनेटचा साठा आटतो, पीएच ६ च्या जवळ उतरतो, सूक्ष्मजंतूंचे काम मंदावते आणि अमोनिया साचू लागतो. पाणी आम्लधर्मी असल्यामुळे तो जवळजवळ सगळा अमोनियमच्या निरुपद्रवी रूपात असतो, म्हणून मासे तग धरतात. अशा टाकीत एकदम पीएच ८ चे पुष्कळ पाणी ओतले, की गाळात आणि उरलेल्या पाण्यात राहिलेल्या अमोनियाचा काही भाग विषारी रूपात पालटतो. शिवाय पाण्यातील क्षारांच्या प्रमाणातही अचानक फरक पडतो. दुबळे झालेले मासे हा दुहेरी आघात सोसू शकत नाहीत.

आम्ल ओतण्यातील फसगत

पीएच जास्त आहे असे दिसताच लिंबाचा रस, शिरका किंवा बाजारातील एखादे आम्ल टाकीत ओतण्याचा मोह होतो. आम्ल टाकताच पीएच उतरतो खरा, पण आम्लाने बायकार्बोनेटपासून कार्बन डायऑक्साइड मोकळा केलेला असतो आणि काही वेळ तो पाण्यातच असतो. तो हवेत निघून गेला, की पीएच पुन्हा जवळजवळ पूर्वपदावर येतो. पाळणारा पुन्हा आम्ल ओततो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. प्रत्येक खेपेला बायकार्बोनेटचा साठा मात्र घटत जातो. शेवटी तो संपला, की थोड्याशा आम्लानेही पीएच एकदम कोसळतो. माशाला एका दिवसात वर-खाली होणारे पाणी स्थिर अल्कधर्मी पाण्यापेक्षा कितीतरी अधिक घातक ठरते.

हे समजण्यासाठी एक साधा हिशेब पुरेसा आहे. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात बायकार्बोनेट निम्मे केले, तर पीएच केवळ ०.३ ने उतरतो. पूर्ण एक अंकाने उतरवायचा झाल्यास ते दहाव्या हिश्श्यावर आणावे लागेल. आणि मग आम्लाचा धक्का सोसण्याची पाण्याची शक्तीही तितकीच कमी होईल.

करून पाहा

फिनॉल रेड हा दर्शक पीएच सुमारे ६.८ ला पिवळा, तर ८.२ च्या पुढे लालसर गुलाबी दिसतो. एक दिवस उघडे ठेवलेले विहिरीचे १०० मिलिलिटर पाणी पेल्यात घेऊन त्यात या दर्शकाचे काही थेंब टाकावेत. एक भाग लिंबाचा रस चार भाग पावसाच्या पाण्यात मिसळून त्याचे थेंब मोजून टाकीत जावे व ढवळावे. रंग पिवळा झाला, की थेंबांची संख्या लिहून ठेवावी. आता तेच पाणी दोन पेल्यांत वीस-पंचवीस वेळा वरून खाली ओतावे. रंग पुन्हा लालीकडे वळताना दिसेल. निघून गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा हा पुरावा होय.

नंतर विहिरीचे ५० आणि पावसाचे ५० मिलिलिटर पाणी एकत्र करून, तेही हवेत ढवळून, प्रयोग पुन्हा करावा. या वेळी बरेच कमी थेंब पुरतील. यावरून पाण्याचा पीएच आणि पीएच टिकवून धरण्याची त्याची शक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात येईल.

उपाययोजना

पीएच ७ आणि ८.५ यांच्या दरम्यान स्थिर असेल, तर तो आहे तसाच राहू द्यावा आणि सारे लक्ष अमोनियाकडे द्यावे. मासे थोडे ठेवावेत. सोनमाशाला खरे जठर नसते आणि तो सतत खाण्याच्या शोधात असतो. तरीही काही मिनिटांत संपेल इतकेच खाद्य घालावे. आठवड्याला सुमारे चौथाई पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी काढून टाकावे. गाळणीतील स्पंज नळाच्या पाण्याखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळावा. म्हणजे त्यातील उपयुक्त सूक्ष्मजंतू टिकून राहतात.

पीएच ८.५ च्या वर राहत असेल, तर प्रथम टाकीतील शंख-शिंपले, संगमरवर आणि चुनखडी काढावी. तेवढ्याने भागले नाही, तर पावसाचे स्वच्छ पाणी नव्या पाण्यात थोडे थोडे मिसळत जावे. पहिल्या पावसाचे, छपरावरची धूळ धुऊन आलेले पाणी वापरू नये. नुसत्या पावसाच्या पाण्यात मासे ठेवणेही योग्य नाही, कारण त्यात पीएच सांभाळणारे बायकार्बोनेट नसते. एका दिवसात पीएच ०.२ ते ०.३ पेक्षा अधिक बदलू न देणे हा सावधपणाचा नियम आहे.

दुर्लक्षित टाकी सुधारताना घाई करू नये. खाद्य काही दिवस बंद ठेवावे, गाळ हलक्या हाताने काढावा आणि दररोज सुमारे दहावा भाग पाणी बदलावे. दुकानातून मासे आणताना पिशवीतील पाण्यातही हीच स्थिती निर्माण झालेली असते. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो आणि अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. म्हणून प्रवास लांबचा झाला असेल, तर पिशवी बंद असतानाच टाकीवर तरंगत ठेवून तापमान सारखे करावे. ती उघडल्यावर मासे जाळीने अलगद टाकीत सोडावेत आणि पिशवीतील पाणी फेकून द्यावे.

मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू-मिटू लागले, पर मिटून तळाशी बसून राहिले किंवा त्यांचे कल्ले लालभडक दिसले, तर पीएचबरोबर अमोनियाही त्याच दिवशी मोजावा. दोन्ही आकडे तारीख, वेळ आणि तापमान यांसह वहीत लिहून ठेवण्याची सवय शाळेत लावून घ्यावी. अशी नोंद जवळ असेल, तर सुटीनंतर टाकी धुण्यास हात घालण्यापूर्वीच त्या पाण्यात काय साचले आहे ते कळेल, आणि मासे वाचतील.