बाळ पलंगावरून पडले, पाप कोणाचे?



काही महिन्यांपूर्वी एका रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर एक तरुण आई सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन उभी राहिली. कडेवर सहा महिन्यांचे बाळ होते. आम्ही बाळाच्या कपाळावर क्रुसाची खूण केली आणि आईला रडू कोसळले. तिने पुढे जे सांगितले ते पापनिवेदन नव्हते, आणि ते येथे लिहिण्यास तिची परवानगी आहे. नाव आम्ही लिहीत नाही. कोणी शोधूही नये.

घडले ते एवढेच. दुपारची वेळ, घरात सासूबाई आणि ती. बाळाला पलंगावर दोन उशांच्या मध्ये ठेवून ती दोरीवरचे लंगोट काढायला वळली. बाळ त्या दिवसापर्यंत पालथे पडत नव्हते. नेमके त्याच दिवशी ते पालथे पडले आणि तसेच खाली लादीवर आले. मोठ्याने रडले, कपाळावर टेंगूळ आले, थोड्या वेळाने दूध पिऊन झोपले. सासूबाई मागच्या दारी होत्या. आईने बाळाला टोपडे घातले आणि कोणालाच काही सांगितले नाही. रात्री बाळाला उलटी झाली तेव्हा घाबरून सगळे दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारले, “कुठे पडले होते का?” ती म्हणाली, “उत्तर देण्याआधी मी सासूबाईंच्या तोंडाकडे पाहिले, फादर.”

सुदैवाने बाळाला काही झाले नव्हते. आईला मात्र झाले होते. त्यानंतरचे तीन रविवार ती मिस्साला आली, पण ख्रिस्तशरीर स्वीकारायला उठली नाही. तिने आम्हांला विचारले, “हे महापाप आहे ना?”

आम्ही संसारी नाही. बाळाला न्हाऊमाखू घालणे म्हणजे काय, हे आम्हांला आमच्या आईकडून ऐकूनच ठाऊक. तरी सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ज्या प्रश्नावर आमचे कित्येक तास गेले, तोच प्रश्न ही माउली लंगोटाची गोष्ट सांगून विचारत होती. मनुष्याच्या हातून घडलेले प्रत्येक वाईट हे त्याचे पाप असते काय?

संत थॉमस अक्वायनस यांचे उत्तर असे की, जे कृत्य माणूस जाणून आणि स्वतःच्या इच्छेने करतो त्याचाच नैतिक न्याय होतो. महापापासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केले आहे: बाब गंभीर असावी, पूर्ण जाणीव असावी, पूर्ण संमती असावी. बाळ पडावे याला कोणत्या आईची संमती असते? १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रसिद्ध केलेला कॅथलिक चर्चचा धर्मशिक्षणग्रंथ याहून स्पष्ट बोलतो. अज्ञान, अनवधान, भीती यांमुळे कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते, नाहीशीही होऊ शकते (परिच्छेद १७३५). वाईट परिणामाचा दोष लागण्यासाठी तो परिणाम आधी कळण्याजोगा असावा लागतो आणि तो टाळणे त्या व्यक्तीच्या हाती असावे लागते (१७३७). याच परिच्छेदात आजारी मुलाची शुश्रूषा करून दमून गेलेल्या आईचे उदाहरण दिले आहे. ते लिहिणाऱ्याने अशी आई पाहिली असावी, असे आम्हांला नेहमी वाटते.

मग आपली कसलीच जबाबदारी नाही काय? आहे. बाळ पालथे पडू लागल्याचे ठाऊक झाल्यानंतरही त्याला उंच पलंगावर एकटे ठेवणे वेगळे. मांडीवर मूल आणि हातात उकळता चहा, स्कूटरवर पुढे उभे केलेले पोर, अंगणातले झाकण नसलेले पिंप, बावखलाकडे उघडे राहिलेले फाटक, या गोष्टींचा परिणाम कोणालाही आधी दिसतो. तेथे हलगर्जीपणा हाच शब्द योग्य. पण एक गंमत पाहा. स्कूटरवर पोराला पुढे उभे करून मिस्साला येणारे बाबा याबद्दल विचारायला आमच्याकडे कधी आलेले नाहीत. लंगोट काढायला वळलेली आई मात्र तीन रविवार ख्रिस्तशरीराविना राहते.

पवित्र शास्त्रात अशा एका अपघाताची नोंद आहे, ती फारशी वाचली जात नाही. शौल आणि योनाथान युद्धात पडल्याची बातमी इज्रेलहून आली, तेव्हा योनाथानाचा पाच वर्षांचा मुलगा मफीबोशेथ याला उचलून त्याची दाई पळाली. घाईत मूल पडले आणि पायांनी कायमचे अधू झाले (२ शमुवेल ४:४). दाईचे नाव शास्त्र सांगत नाही. तिला दोषही देत नाही. ती त्याचा जीव वाचवण्यासाठी धावत होती, एवढे सांगून शास्त्र पुढे जाते. पुढे दावीद राजाने त्या मुलाला शोधून आणले आणि आपल्या पंक्तीला बसवले (२ शमुवेल ९).

आणि ‘देवाने शिक्षा केली’ असे म्हणणाऱ्यांसाठी योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय आहेच. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी विचारले की, पाप याचे की याच्या आईबापांचे? प्रभू येशूने दोघांचेही नाही, असे उत्तर दिले. मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढणाऱ्या आपल्या काही घरांनीही हा अध्याय वाचावा. दृष्ट काढण्यात जो वेळ जातो तो बाळाकडे नीट पाहण्यात जावा.

कारण पाहणे महत्त्वाचे आहे. आम्ही डॉक्टर नाही, पण डॉक्टरांकडून जे समजून घेतले ते असे. बाळ पडले तर त्याला शांत करावे, टेंगळावर थंड पाण्यात भिजवलेले फडके काही मिनिटे धरावे आणि दिवसभर लक्ष ठेवावे. मात्र बाळ तीन महिन्यांहून लहान असेल, तीन फुटांहून अधिक उंचीवरून पडले असेल, क्षणभर जरी बेशुद्ध झाले असेल, पुन्हा पुन्हा उलट्या होत असतील, झोपेतून नीट जागे होत नसेल, आकडी आली असेल, टाळू फुगलेली दिसत असेल, नाकाकानातून रक्त किंवा पाणी येत असेल, तर ताबडतोब इस्पितळ गाठावे. आणि तेथे खरे सांगावे: केव्हा पडले, किती उंचीवरून, कशावर. या तीन उत्तरांचा डॉक्टरांना फार उपयोग होतो.

आमची खरी काळजी येथे आहे. त्या दिवशी बाळाला टेंगळापेक्षा मोठा धोका होता तो आईच्या गप्प बसण्याचा. ती गप्प का बसली? सासूबाई दुष्ट नाहीत. आम्ही त्यांना चांगले ओळखतो. पण ‘आम्ही पाच वाढवली, एकही पडले नाही’ हे वाक्य त्या घरात वरचेवर बोलले जात होते. (पाचांपैकी एकाच्या हनुवटीवरची जुनी खूण आम्ही पाहिली आहे!) जेथे चूक सांगितली की खटला उभा राहतो, तेथे माणसे चूक लपवतात, मग ते घर असो, शाळा असो वा आमचा धर्मगुरूनिवास.

पवित्र कुटुंबाच्या सणाला तीन वर्षांतून एकदा आपण येशू बारा वर्षांचा असताना हरवल्याचा प्रसंग ऐकतो (लूक २:४१-५०). तो नातेवाइकांबरोबर असेल असे धरून मरिया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले. तीन दिवसांनी तो मंदिरात सापडला. मरिया मुलाला विचारते ते ‘तुझा बाप व मी’ अशा शब्दांत. शोधणारे आणि कष्टी झालेले दोघेही होते. ‘तुमचे लक्ष कुठे होते?’ असे ती योसेफाला म्हणाल्याचे लूक कोठेही लिहीत नाही.

त्या आईला आम्ही सांगितले की, तिने ख्रिस्तशरीर जरूर स्वीकारावे. तिच्या मनातली कळ पापाची नव्हती, प्रेमाची होती. आणखी एक सांगितले: घरी जाऊन सासूबाईंना सगळे मोकळेपणाने सांगावे. हे तिला अधिक कठीण गेले. आठवडाभर तिने ते टाळले. मग एका रात्री जपमाळ झाल्यावर सांगितले.

सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर उठल्या, माळ्यावरची जुनी जाड गोधडी काढली आणि पलंगाजवळ लादीवर अंथरली. आता दुपारी बाळ तेथे लोळते, आणि त्याच्या शेजारी हात उशाला घेऊन आजीही.